हलक्या विमानांतील इंधनाचे नियोजन

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन निघाले आणि त्यांचे पुस मॉथ जातीचे विमान जुहू येथे उतरले. वाटेत अहमदाबादला त्यांनी इंधन घेतले. त्यासाठीचे डबे विमानापर्यंत बैलगाडीने आणण्यात आले होते! साधने तुटपुंजी होती, परंतु कोठे थांबावयाचे हे निघण्यापूर्वीच ठरलेले होते. आज बारामती किंवा गोंदियाजवळील बिरसी येथे शिकणाऱ्या वैमानिकासही हाच हिशेब प्रथम करावा लागतो.

इंधनाअभावी इंजिन दोन प्रकारे बंद पडते. एकात टाक्या खरोखरच रिकाम्या होतात. दुसऱ्यात इंधन शिल्लक असते, पण इंजिनापर्यंत पोहोचत नाही. पायपर चेरोकीसारख्या विमानात डावी किंवा उजवी यांपैकी एकच टाकी निवडावी लागते. ती वेळेवर न बदलल्यास दुसरी भरलेली असूनही इंजिन थांबते.

वैमानिक इंधन लिटरमध्ये भरतो, पण ते खर्च होते तासांच्या हिशेबाने. प्रशिक्षणात प्रचलित असलेले सेसना १५२ घ्या. त्याच्या नेहमीच्या टाक्यांत सुमारे ९८ लिटर इंधन मावते. त्यांपैकी उपयोगात येते ते ९३ लिटर. उरलेले टाकीच्या तळाशी राहते. छत्रपती संभाजीनगर ते नागपूर हे हवाई अंतर सुमारे ४०० किलोमीटर आहे. ताशी १८५ किलोमीटर वेगाने ते दोन तास दहा मिनिटांत कापता येईल. तासाला २३ लिटर धरले तर ५० लिटर पुरतील. परंतु समोरून ताशी ३७ किलोमीटरचा वारा आला, तर जमिनीवरील वेग १४८ वर येतो आणि प्रवासास दोन तास बेचाळीस मिनिटे लागतात. मग ६२ लिटर हवेत. इंजिन सुरू करणे व उंची गाठणे यांसाठी ४ आणि दिवसाच्या उड्डाणातील अर्ध्या तासाच्या राखीव साठ्यासाठी १२ लिटर मिळविल्यास बेरीज ७८ होते. येथवर ठीक आहे. आता समजा, वैमानिकाने उंचीवर इंधन व हवा यांचे मिश्रण विरळ केले नाही आणि खप तासाला २८ लिटरवर गेला. तेव्हा एकूण गरज ९४ लिटरची होते, म्हणजे भरलेल्या टाक्याही अपुऱ्या! अंतर तेच, विमान तेच. म्हणून विमानाच्या पुस्तिकेतील खपाचा आकडा कोणत्या मिश्रणासाठी दिला आहे, हे पाहिल्यावाचून तो वापरू नये.

इंधनदर्शकाच्या काट्यावर विसंबणे हा धोक्याचा मार्ग होय. टाकीतील तरंगता गोळा विमान वळताना हेलकावतो आणि काटा नाचू लागतो. त्यामुळे उड्डाणापूर्वी टाकीचे झाकण उघडून मोजपट्टीने प्रत्यक्ष इंधन मोजतात. झाकण नीट बसले नाही, तर पंखावरील कमी दाबामुळे इंधन बाहेर ओढले जाते. हे खालून सहसा दिसत नाही. मोजलेल्या आकड्याचे एककही पाहावे लागते, कारण अमेरिकी गॅलन ३.७९ लिटरचे, तर ब्रिटिश गॅलन ४.५५ लिटरचे असते. कॅनडात २३ जुलै १९८३ रोजी मोठ्या बोइंग ७६७ विमानाचे इंधनदर्शक बंद होते. लिटरवरून वजन काढताना किलोग्रॅमऐवजी पौंडांचा गुणक वापरला गेला आणि गरजेच्या निम्म्याहूनही कमी इंधन घेऊन ते उडाले. दोन्ही इंजिने बंद पडल्यावर वैमानिकांनी ते तरंगत नेऊन गिमली येथील जुन्या धावपट्टीवर उतरविले. सर्व ६९ जण बचावले.

आकाशात गेल्यावर हिशेब संपत नाही. प्रत्येक खुणेच्या गावावर घड्याळ पाहून अपेक्षित वेळेशी ताळा करावा लागतो. दहा मिनिटांचा उशीर दिसला, तर जवळच्या धावपट्टीवर उतरून इंधन घेण्याचा निर्णय तेथेच होऊ शकतो. अर्ध्या तासाने पर्याय कमी उरतात. ठरलेल्या विमानतळावरच उतरणे भाग असून आणखी विलंब झाल्यास राखीव साठ्याला हात लागणार असेल, तर वैमानिक नियंत्रकास ‘मिनिमम फ्युएल’ असे कळवितो. राखीव साठ्याहून कमी इंधनावर उतरावे लागणार हे निश्चित झाल्यास ‘मेडे फ्युएल’ ही संकटाची घोषणा करावी लागते.