प्रशिक्षणाला जाताना: प्रवास, मुक्काम आणि आपला ठराव



प्रशिक्षणाला कोण जाणार, असं ग्रामसंघाच्या बैठकीत विचारलं की पहिली पाच मिनिटं सगळ्या गप्प बसतात. मग एकेक कारण येतं. गाय व्यायची आहे, सासूबाईंना बरं नाही, पोराची परीक्षा आहे. आपण रजिस्टरमध्ये लिहितो, ‘घरगुती कारण’, आणि पुढचं नाव घेतो. मीही तसंच लिहायचे. पण एका ताईचं कारण खरं काय होतं ते मला दोन महिन्यांनी कळलं. हा पाठ त्यामुळेच लिहिला आहे.

मी नुकतीच कामाला लागले होते. आपल्या अकोले तालुक्यातून अकरा जणींना तीन दिवसांच्या प्रशिक्षणासाठी पुण्याला न्यायचं होतं. लॉज मी फोनवरून ठरवला. विचारलं एकच, भाडं किती? पोचायला रात्रीचे साडेनऊ झाले. खोल्या दोघींच्या, आणि आम्ही अकरा. दहा जणींची जोडी लागली, अकरावी ताई वरच्या मजल्यावर एकटी राहिली. तिच्या दाराची कडी नीट बसत नव्हती. रात्री साडेअकराला कुणीतरी दार वाजवलं, “पाणी पाहिजे का?” थोड्या वेळाने परत. तिने टेबल ओढून दाराला लावलं आणि सकाळपर्यंत पलंगावर बसून राहिली. माझा नंबर तिच्याकडे होता. “तुमची झोप कशाला मोडायची,” असं तिला वाटलं. घरीही सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर पुन्हा कधीच पाठवलं नसतं. पुढच्या प्रशिक्षणाला तिने नाव दिलं नाही. मी लिहिलं, ‘घरगुती कारण’.

ताई धीट होती. चूक माझी होती. कडी बघणं, खोल्या वाटणं, कोणाला कधी फोन करायचा ते आधी सांगणं, हे तिचं काम नव्हतंच. म्हणून या पाठातली पहिली गोष्ट लक्षात ठेवा: बाहेरगावी जाणाऱ्या बाईची सुरक्षितता ही पाठवणाऱ्या संघाची जबाबदारी आहे. तिने स्वतः घ्यायची काळजी त्यानंतर येते.

१. निघण्याआधी

पैसे आधी हातात द्या. ‘तिकीट आणा, मग पैसे मिळतील’ असं म्हटलं की ज्या ताईकडे त्या दिवशी रोख नाही ती गळते, आणि बहुतेक वेळा तीच सगळ्यात गरजू असते. संघाने प्रवासाची उचल द्यावी, व्हाउचरवर सही घ्यावी आणि परत आल्यावर हिशेब मिटवावा. उचल किती द्यायची ते जाण्या-येण्याचं भाडं, स्टँडपासून मुक्कामापर्यंतची रिक्षा आणि वाटेतलं एक जेवण धरून काढा.

17 मार्च 2023 पासून महिलांना एसटीच्या सगळ्या प्रकारच्या गाड्यांत निम्मं तिकीट आहे. 75 वर्षांवरच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे, पण वयाचा पुरावा जवळ हवा. ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच आहे. शहरातल्या बसचे नियम वेगळे असतात. आपण निम्मं तिकीट काढलं तर हिशेबातही निम्मंच लावायचं. मशीनमधून निघालेल्या तिकिटाची शाई काही दिवसांत उडते, म्हणून तिकीट हातात आलं की लगेच मोबाइलवर फोटो काढा.

अंगावर पिणारं बाळ असेल तर त्या ताईला वगळू नका. बाळाला सांभाळायला सोबत कोण येईल आणि तिची राहण्याची सोय होईल का, हे प्रशिक्षण देणाऱ्यांना आधीच विचारा.

घरच्यांना एक कागद द्या. त्यावर ठिकाणाचं नाव, पत्ता, सोबत असणाऱ्या समन्वयकाचा नंबर आणि परतीचा दिवस लिहा. हा कागद घरात असला की नवऱ्याचा, सासऱ्यांचा अर्धा प्रश्न मिटतो.

लॉज ठरवताना भाड्यासोबत एवढं तरी विचारा:
- सगळ्या खोल्या एकाच मजल्यावर, शेजारी शेजारी मिळतील का?
- प्रत्येक दाराला आतून कडी आहे का? खिडक्या लागतात का?
- रात्री काउंटरवर कोण असतं?
- प्रशिक्षणाची जागा किती लांब? संध्याकाळी परत यायला वाहन आहे का?

जमेल तर एकजण आधी जाऊन बघून या. आणि आपली संख्या विषम असेल तर एका खोलीत तिघी. एकटी कुणी नाही.

२. वाटेत

शक्यतो उजेडी पोचेल अशी गाडी धरा. पुण्याला जाणाऱ्यांसाठी खास: गाडीच्या पाटीवर ‘शिवाजीनगर’ लिहिलेलं असलं, तरी मेट्रोच्या कामामुळे तो स्टँड वाकडेवाडीला हलवला गेला. स्वारगेट आणि पुणे स्टेशन हे स्टँड आणखी वेगळे. त्यामुळे ‘स्टँडवर भेटू’ एवढं सांगून भागत नाही. गाडी नेमकी कुठे थांबणार ते कंडक्टरला विचारा आणि तेच ठिकाण न्यायला येणाऱ्याला कळवा.

संगमनेरला किंवा आळेफाट्याला गाडी बदलताना मोजणी करा. जोड्या आधीच लावून ठेवा. आपली जोडीदार गाडीत बसली की नाही ते प्रत्येकीने बघायचं. रिक्षात बसण्याआधी नंबरप्लेटचा फोटो काढून गटाच्या व्हॉट्सअॅपवर टाका. सगळे पैसे एकाच पाकिटात ठेवू नका. रोजच्या गोळ्या पिशवीत तळाला नको, हाताशी ठेवा.

३. लॉजवर पोचल्यावर

काउंटरवर आधार मागतात. ओळख दाखवावी लागते, पण पूर्ण नंबर द्यायची गरज नसते. आधारच्या वेबसाइटवरून ‘मास्क्ड आधार’ निघतं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. निघण्याआधी सगळ्यांची तीच प्रत काढून घ्या. झेरॉक्सवर ‘फक्त मुक्कामासाठी’ असं लिहून तारीख टाका. रजिस्टरमध्ये प्रत्येकीचा मोबाइल नंबर देण्याऐवजी समन्वयकाचा नंबर चालेल का, ते विचारा. खोलीचा नंबर मोठ्याने बोलू नका.

सामान ठेवण्याआधी खोली तपासा. याला पाच मिनिटं लागतात:
- कडी आतून लावून, दार ओढून बघा. बसत नसेल तर खोली बदलून मागा. “आज रात्रीपुरतं भागवून घ्या” हे ऐकायचं नाही.
- बाथरूमची खिडकी, झरोका, दाराची भोकं बघा. पलंगाकडे किंवा नहाणीकडे रोखलेली काही विचित्र वस्तू दिसली तर तिला हात लावू नका. फोटो काढा आणि समन्वयकाला बोलवा.
- गॅसचा गीझर असेल तर अंघोळीच्या वेळी खिडकी उघडी राहिली पाहिजे. बंद जागेत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, कळायच्या आत माणूस बेशुद्ध पडतो.
- जिना कुठे आहे ते चालत जाऊन बघा. आग लागली तर लिफ्ट वापरायची नाही. धूर असेल तर ओला पदर नाकाला लावून, खाली वाकून जिन्याकडे जायचं. अग्निशमन दलाचा नंबर 101.

४. रात्री

आपला नियम साधा ठेवा. रात्री नऊनंतर दार उघडायचं नाही. पाणी, चादर, जेवण, जे लागेल ते नऊच्या आत घ्यायचं. कुणी दार वाजवलं तर आतूनच विचारायचं आणि लगेच समन्वयकाला फोन करायचा. प्रशिक्षक असो, ओळखीचा कर्मचारी असो, ‘सही राहिली’ म्हणून आला तरी काम सकाळी. समन्वयकाने रात्री फोन बंद करायचा नाही आणि झोपण्याआधी प्रत्येक दारावर एक फेरी मारायची. मी आता जाताना सगळ्यांसमोर सांगते, “माझी झोप मोडली तरी चालेल, तेच माझं काम आहे.” हे तोंडाने सांगावं लागतं, नाहीतर बायका फोन करत नाहीत.

५. काही घडलंच तर

तातडीला 112. मोबाइलमध्ये बॅलन्स नसला तरी लागतो. महिलांसाठी हेल्पलाइन 181, रेल्वेत 139.

तक्रार कुठे करायची, हा प्रश्न नेहमी येतो. प्रकार पुण्यात झाला आणि आपण गावी परत आलो, तरी जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार देता येते. ठाण्याच्या हद्दीबाहेरचा गुन्हा असला तरी नोंद घ्यावी लागते, तिला झिरो एफआयआर म्हणतात. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये हे लिहिलं आहे. अंघोळ करताना किंवा कपडे बदलताना बाईला चोरून बघणं, फोटो काढणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हा आहे. पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं शिक्षा होऊ शकते.

त्रास देणारा प्रशिक्षक, सोबतचा कर्मचारी किंवा संस्थेने दिलेल्या गाडीचा चालक असेल, तर कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदाही आहे. या कायद्यात कामाचं ठिकाण म्हणजे फक्त ऑफिस नाही. कामानिमित्त जिथे जावं लागतं ती जागा आणि मालकाने दिलेलं वाहनही त्यात येतं. शिकाऊ आणि स्वयंसेवकही त्यात धरले आहेत. दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तर संस्थेची अंतर्गत समिती असली पाहिजे. नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. लेखी तक्रार तीन महिन्यांच्या आत द्यायची. लिहिता येत नसेल तर समितीने लिहायला मदत करायची असते.

आणि कायद्याच्या पुस्तकात नसलेली एक गोष्ट. तक्रार केलेल्या ताईचं नाव पुढच्या यादीतून जाता कामा नये. ‘तिला पाठवलं की भानगड होते’ असं एकदा कुणी म्हणालं, की बाकीच्या दहा जणी कायमच्या गप्प होतात.

आपला ठराव

येत्या बैठकीत हा ठराव वाचा, बदल सुचवा आणि मंजूर करून इतिवृत्तात घ्या:

‘आपल्या संघातर्फे मुक्कामी प्रशिक्षणाला जाणाऱ्या प्रत्येक महिलेला प्रवासाची उचल आधी दिली जाईल. मुक्कामाची जागा आधी तपासली जाईल. कोणतीही महिला खोलीत एकटी राहणार नाही. परत आल्यावर आठ दिवसांच्या आत प्रत्येकीशी स्वतंत्र बोललं जाईल. तक्रार केल्यामुळे कोणाचीही संधी जाणार नाही.’

स्वतंत्र बोलणं महत्त्वाचं आहे. सगळ्यांसमोर ‘कसं झालं प्रशिक्षण?’ विचारलं तर उत्तर एकच येतं, ‘छान झालं.’

ती ताई या वर्षी परत प्रशिक्षणाला गेली. नाव देण्याआधी तिने मला तीन गोष्टी विचारल्या: माझ्या खोलीत कोण आहे? कडी तुम्ही स्वतः लावून बघितली का? पैसे निघण्याआधी मिळणार ना? तिन्हीची उत्तरं दिल्यावर मगच तिने सही केली.

गटात चर्चेसाठी

1. मागच्या वर्षी आपल्या गटातून कोण कोण प्रशिक्षणाला गेलं नाही? रजिस्टरमध्ये कारण काय लिहिलं आहे? त्या ताईला एकटीला भेटून परत विचारा.
2. उचल द्यायला संघाकडे किती रक्कम बाजूला ठेवता येईल?
3. रात्री फोन कोणाला करायचा? त्या व्यक्तीचं नाव आणि नंबर आजच प्रत्येकीने मोबाइलमध्ये घालून एकदा लावून बघा.