मोतीबिंदू आणि खरा परोपकार

विद्यार्थिमित्रहो, आमच्या लहानपणी आमच्या आजीच्या डोळ्यांवर एक चष्मा असे. सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखी जाड त्याची काच. तालुक्याच्या गावी भरलेल्या धर्मार्थ नेत्रशिबिरात तिच्या दोन्ही डोळ्यांतील मोतीबिंदू काढले होते, आणि हा चष्मा तिला तेथेच मिळाला होता. एके दिवशी तो ओट्यावरून पडला व फुटला. नवा येईपर्यंत दोन महिने आजी पुन्हा भिंत चाचपीत वावरू लागली. तिने कोणास दोष दिला नाही. "फुकट मिळालं, ते का थोडं?" एवढेच ती म्हणे. त्या वेळी आम्हांस तिचे म्हणणे पटले होते. आज पटत नाही. ते का, हे येथे सांगण्याचा आमचा हेतू आहे.

प्रथम मोतीबिंदू म्हणजे काय ते पाहू. डोळ्याच्या बाहुलीमागे एक नैसर्गिक पारदर्शक भिंग असते. बाहेरील प्रकाश त्यातून जाऊन मागील पडद्यावर एकवटतो व आपणांस दिसते. उतारवयात हे भिंग हळूहळू गढूळ होते. धुरकट काचेतून पाहावे तसे सर्व अंधुक दिसू लागते आणि शेवटी केवळ उजेड-अंधार तेवढा कळतो. जगातील अंधत्वाचे हे सर्वांत मोठे कारण होय. त्यावर औषध नाही. शस्त्रक्रिया हाच उपाय. परंतु गढूळ भिंग काढले म्हणजे डोळ्यात भिंगच उरत नाही. त्याची उणीव भरून काढण्यासाठी पूर्वी तो जाड चष्मा द्यावा लागे.

या अडचणीतून वाट काढली ती लंडन येथील डॉ. हॅरोल्ड रिडली यांनी. महायुद्धात जखमी झालेल्या काही वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या पारदर्शक छताचे तुकडे रुतले होते. तरीही डोळा ते निमूटपणे सोशीत असल्याचे त्यांस आढळले. तशाच पदार्थाचे भिंग करून १९४९ साली त्यांनी ते रुग्णाच्या डोळ्यातच बसविले. पुढे ही युक्ती सुधारत गेली व श्रीमंत देशांत रूढ झाली. गरीब देशांतील शिबिरांत मात्र कित्येक वर्षे जाड चष्माच चालू राहिला. कारण एका भिंगास शंभर डॉलरांहून अधिक पडत.

नेपाळचे डॉ. संदुक रुइत यांस ही तफावत सहन झाली नाही. त्यांचा जन्म १९५४ साली तिबेटच्या सीमेजवळील एका दुर्गम खेड्यात झाला. तेथे शाळा नव्हती. म्हणून वडिलांनी त्यांस कित्येक दिवसांची पायपीट करून दार्जिलिंगच्या शाळेत पोहोचविले. पुढे त्यांची बहीण क्षयाने वारली. त्या रोगावर औषध होते, परंतु ते घेण्यास घरात पैसा नव्हता. उपाय जगात असूनही गरिबाच्या दारी पोहोचत नाही, हे दुःख ज्याने घरात पाहिले, तो वैद्य झाल्यावर स्वस्थ कसा बसेल?

१९८५ साली ऑस्ट्रेलियातील नेत्रवैद्य फ्रेड हॉलोज यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. गरिबासही तेच भिंग मिळाले पाहिजे, याविषयी दोघांचे एकमत होते. खेड्यांतील शिबिरांत भिंग बसविणे धोक्याचे व न परवडणारे, असे अनेक जाणकार म्हणत. १९९३ साली हॉलोज निवर्तले; परंतु १९९४ साली काठमांडू येथे तिलगंगा नेत्रकेंद्र उभे राहिले आणि तेथेच भिंगांचा कारखानाही निघाला. भिंगाची किंमत पाच डॉलरांहून खाली आली. आपल्या देशातही मदुराई येथील अरविंद नेत्र रुग्णालयाने १९९२ साली 'ऑरोलॅब' हा कारखाना काढून हेच कार्य केले.

रुइत यांच्या पद्धतीत डोळ्यास लहानसा छेद देतात. तो अशा खुबीने घेतलेला असतो की टाका न घालता आपोआप मिटतो. महाग यंत्र लागत नाही. सरावाच्या हातास काही मिनिटे पुरतात. त्यामुळे सामान वाहून नेऊन डोंगरातील एखाद्या शाळेच्या खोलीतही शस्त्रक्रिया करता येते. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी सुटते, आणि हाताला धरून आणलेली म्हातारी समोरच्या नातवाचे तोंड पाहते.

स्वस्त म्हणजे हलके, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दिले. १०८ रुग्णांपैकी काहींवर महाग यंत्राने, तर काहींवर या पद्धतीने शस्त्रक्रिया केली. सहा महिन्यांनी तपासता, आवश्यक तेथे साधा चष्मा लावून, दोन्ही गटांतील ९८ टक्के रुग्णांस चांगले दिसत होते.

मित्रहो, आम्हांस या कथेत तीन गोष्टी विशेष वाटतात. भिंग परदेशातून दान म्हणून मागण्याऐवजी ते आपल्या भूमीवर तयार केले. ज्यास ऐपत आहे त्याने पैसे द्यावेत व गरिबास विनामूल्य उपचार मिळावेत, अशी व्यवस्था लावली. आणि आपली विद्या स्वतःपाशी न ठेवता अन्य देशांतील वैद्यांसही शिकविली. पाहुणा वैद्य शिबिर आटोपून परत जातो. शिकलेला स्थानिक वैद्य मात्र मागे राहतो.

दान घेणारा बहुधा तक्रार करीत नाही. म्हणूनच दान पुरेसे चांगले आहे की नाही, हे पाहण्याची जबाबदारी देणाऱ्याची असते. आजी समाधानी होती, हा तिच्या मनाचा मोठेपणा. तेवढ्याने आमचे कर्तव्य संपत नाही. आज घरी गेल्यावर आपल्या आजी-आजोबांस एक प्रश्न विचारा: "दारातून आत कोण येते ते आपणांस ओळखू येते का?" "आता वय झालं," असे उत्तर आले, तर त्यावर थांबू नका. आईवडिलांस सांगून त्यांस नेत्रवैद्याकडे न्या.