परतीची वेळ किनाऱ्यावरच ठरवावी



आपल्यापैकी अनेकांचा अनुभव असा असतो की काय योग्य आहे हे आपल्याला माहीत असते, तरी ऐन वेळी आपण चुकतो. कुठे थांबायचे हे कळत असते, पण थांबणे होत नाही. यामागे ज्ञानाची उणीव क्वचितच असते. बहुतेक वेळा आपण निर्णयाची वेळ चुकीची निवडलेली असते. हा मुद्दा आज आपण एका सहलीच्या निमित्ताने समजून घेऊ. सहल साधीच होती आणि चूक माझी स्वतःची होती, म्हणून ती मोकळेपणाने सांगता येते.

गंगरेलची दुपार

रायपूरच्या समता कॉलोनीतून आम्ही सात-आठ जण एका रविवारी गंगरेलला गेलो होतो. चैत्र नवरात्र संपून आठवडा झाला होता. धमतरीमार्गे हे अंतर साधारण ९० किलोमीटर आहे. महानदी याच धमतरी जिल्ह्यातील सिहावाच्या डोंगरात उगम पावते आणि गंगरेलला तिच्यावर धरण बांधलेले आहे. धरणामागचा हा विस्तीर्ण जलाशय पंडित रविशंकर शुक्ल यांच्या नावाने रविशंकर सागर म्हणून ओळखला जातो. चहूबाजूंनी हिरव्या टेकड्या, मध्ये पाण्याबाहेर डोके काढलेली लहान लहान बेटे. जवळच अंगारमोती मातेचे स्थान आहे. सकाळी तिचे दर्शन झाले, झाडाखाली डबे उघडले आणि ऊन थोडे उतरल्यावर तरुण मंडळींनी कयाकचा आग्रह धरला.

ज्यांनी कयाक पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ही एक अरुंद, हलकी होडी असते. बसणारा पाण्याच्या अगदी जवळ बसतो. वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती असतात, त्यामुळे एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे असे आलटून पालटून पाणी मागे सारायचे. इंजिन नाही, शीड नाही. जेवढे वल्हवाल तेवढे पुढे जाल. वारा आला तर हलक्या होडीला तो सहज बाजूला नेतो.

माझा भाचा पुढे बसला, मी मागे. तो अभियांत्रिकीला शिकतो आणि पोहण्यात तरबेज आहे. किनाऱ्यावरच्या नावाड्याने आम्हा दोघांना लाइफ जॅकेट घालून पट्टे आवळले आणि हिंदीत दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, जाताना वाऱ्याच्या समोर जा, म्हणजे येताना वारा साथ देईल. दुसरी, किती वेळाने परत फिरायचे ते आत्ताच ठरवा.

पहिल्या सूचनेचे कारण सोपे आहे. अंगात ताकद असते तेव्हा कठीण वाट करून टाकावी. दमल्यावर सोपी वाट उरलेली बरी. ज्यांनी आधी वाऱ्याबरोबर मजेत लांब जायचे ठरवले, त्यांना थकलेल्या हातांनी वाऱ्याविरुद्ध परतावे लागते. साधनेतही हेच असते. तारुण्यात आणि सकाळच्या वेळी जे कष्ट होतात, ते संध्याकाळी उपयोगी पडतात.

दुसऱ्या सूचनेप्रमाणे आम्ही ठरवले की चाळीस मिनिटे पुढे जायचे आणि जिथे असू तिथून वळायचे. साडेतीनला निघालो, म्हणजे चार वाजून दहा मिनिटांनी परत. घड्याळ भाच्याच्या हातात होते.

पाच मिनिटांचा मोह

सुरुवातीला पाणी संथ होते. समोरून मंद वारा, निळे आभाळ, कापसासारखे दोन-चार ढग. हळूहळू दोघांच्या वल्ह्यांची लय जुळली. समोर एक बेट दिसत होते आणि मनाने तेच आपले लक्ष्य करून टाकले. असे काहीही ठरलेले नव्हते, तरी मन पुढे गेले होते.

भाचा म्हणाला, "मामा, चाळीस मिनिटं झाली."

बेट मला अगदी हाकेच्या अंतरावर वाटत होते. मी म्हणालो, "अरे, एवढं आलोय तर पाच मिनिटांत पोचू. मग वळू."

त्याने वल्हे मांडीवर आडवे ठेवले आणि मागे वळून विचारले, "आपण किनाऱ्यावर काय ठरवलं होतं?"

मला राग आला, हे कबूल करतो. वयाने मी मोठा. नवरात्रीचे नऊ दिवस नियम पाळलेला मी, आणि हा पोरगा मला नियम शिकवणार! पण पुढच्या माणसाने वल्हे थांबवल्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. होडी वळली. परतताना मी गप्प होतो. तो अबोला शांत मनाचा नव्हता, रुसलेल्या मनाचा होता.

साधारण पंचवीस मिनिटांनी पाठीवरचा वारा एकाएकी पडला. पाणी आरशासारखे झाले. टेकडीमागून राखाडी ढग केव्हा वर आला ते कळलेच नव्हते. लांबवर गडगडाट झाला. किनारा शे-दीडशे मीटरवर असेल, तोच बाजूने थंड वाऱ्याचा लोट आला. पाऊस पोचण्याआधी मोठ्या ढगातून थंड हवा खाली कोसळते आणि जमिनीलगत पसरते. तिला सकाळच्या वाऱ्याची दिशा ठाऊक नसते. तुमचा हिशेब तिने पाहिलेला नसतो.

होडी हेलकावू लागली. नावाड्याने किनाऱ्यावरून ओरडून वल्हवत राहायला सांगितले. अशा वेळी घाबरून वल्हे वर उचलले की तोल जातो. पाण्यात चालणारे वल्हे होडीला आधारही देते. लाटा बाजूने न घेता थोड्या तिरक्या, होडीच्या टोकावर घेत आम्ही किनाऱ्याला लागलो. पाच-सात मिनिटांतच सारा जलाशय पांढऱ्या फेसाने भरला. उघड्या पाण्यावर वाऱ्याला जितकी लांब धाव मिळते तितक्या लाटा मोठ्या होतात, आणि गंगरेलला ही धाव खूप लांब आहे. मग विजा चमकू लागल्या.

शेडखाली चहा घेताना मी नावाड्याला बेटाचे अंतर विचारले. तो म्हणाला, आपण जिथून वळलात तिथून अजून अर्ध्या तासाचा रस्ता होता. मी ज्याला पाच मिनिटे म्हणत होतो, ते अंतर अर्ध्या तासाचे होते. म्हणजे वादळाच्या वेळी आम्ही दोघे भर पाण्यात असतो. चहाचा कप माझ्या हातात थरथरला तो थंडीने नव्हे.

चूक नेमकी कुठे झाली?

पाण्यावरून पाहताना अंतर कमी भासते. मध्ये झाड, घर, रस्ता असे मापायला काही नसते. माझ्या डोळ्यांनी मला फसवले आणि मन डोळ्यांच्या मागे गेले. बुद्धीने लगेच त्या इच्छेला "पाच मिनिटे" असे हिशेबाचे रूप दिले.

श्रीमद्भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील ६७ वा श्लोक आपण अनेकदा वाचला असेल. विषयांमध्ये फिरणाऱ्या इंद्रियांपैकी एका इंद्रियामागे जरी मन गेले, तरी ते माणसाची प्रज्ञा ओढून नेते, आणि याला दृष्टान्त दिला आहे पाण्यातील नावेला वाहून नेणाऱ्या वाऱ्याचा. हा श्लोक मी वर्षानुवर्षे वाचत आलो. पण एकच इंद्रिय पुरेसे असते, हे त्या दिवशी नीट कळले. बाहेरचा वारा येण्याच्या अर्धा तास आधीच आतला वारा माझी नाव घेऊन चालला होता.

म्हणून लक्षात घ्या की जिथे मोह असतो तिथे निर्णय घेऊ नये, तिथे घेतलेला निर्णय फक्त पाळावा. किनाऱ्यावर आपण थकलेले नसतो, बेटाची ओढ नसते, बरोबरच्यांसमोर माघारीची लाज नसते. भर पाण्यात हे तिन्ही असतात आणि तिन्ही मिळून बुद्धीला आपल्या बाजूने बोलायला लावतात.

सायफनचे धरण

याच धमतरी जिल्ह्यात मुरूमसिल्ली नावाचे जुने धरण आहे. महानदीला मिळणाऱ्या सिलियारी नदीवर ते इंग्रजांच्या काळात, १९१४ ते १९२३ या वर्षांत बांधले गेले. त्याची ओळख म्हणजे त्यातील सायफन. धरणाच्या भिंतीत वाकवलेल्या नळांसारखे मार्ग केलेले आहेत. पाणी ठरलेल्या पातळीवर पोचले की ते या वाकलेल्या मार्गात चढते, आतील हवा बाहेर पडते आणि जास्तीचे पाणी आपोआप खेचले जाऊन बाहेर वाहू लागते. पातळी उतरली की प्रवाह थांबतो. मध्यरात्री पूर आला तरी कोणी उठून दार उघडावे लागत नाही. पुराच्या वेळी काय करायचे, हे बांधणाऱ्यांनी कोरड्या दिवसांत ठरवून भिंतीतच घालून ठेवले.

संकल्प म्हणजे आपल्या स्वभावात बांधलेला असा सायफन आहे. राग, लोभ, हट्ट यांचे पाणी चढेल तेव्हा विचार करू, असे म्हणणाऱ्याचा बांध फुटतो.

घरातील किनारे

आता हे आपल्या घरात आणून पाहू.

मुलीच्या लग्नाचा खर्च हा एक प्रसंग. दुकानात बसून, समोर साड्यांचे ढीग पडलेले असताना रक्कम ठरत नाही. ती घरी, शांतपणे, सगळ्यांनी मिळून कागदावर लिहायची. दुकानात "एवढ्यासाठी कशाला" हे वाक्य येतेच. तेच आपले पाच मिनिटांचे बेट.

घरातील वाद हा दुसरा. आवाज चढल्यावर कोणी थांबावे यावर एकमत होत नाही. पती-पत्नींनी चांगल्या दिवशी ठरवावे की दोघांपैकी कोणीही "उद्या बोलू" म्हटले की विषय तिथे थांबेल, आणि उद्या तो खरोखर बोलला जाईल.

रात्रीचा मोबाइल हा तिसरा. अंथरुणात पडल्यावर "आणखी एकच" संपत नाही. तो दुसऱ्या खोलीत ठेवायचा तर नऊ वाजताच, डोळ्यांत झोप आणि हातात मोह येण्यापूर्वी.

येथे एक गैरसमज टाळावा. मर्यादा म्हणजे भीती नव्हे. होडी किनाऱ्याला बांधून ठेवणाऱ्याला आपण संयमी म्हणत नाही. आम्ही पाण्यात उतरलो, वाऱ्याच्या समोर गेलो, त्यात आनंदही होता. परतीची वेळ ठरलेली असते तेव्हाच माणूस निश्चिंत मनाने पुढे जाऊ शकतो.

दुसरी गोष्ट लाइफ जॅकेटची. ते किनाऱ्यावरच घालायचे असते. पायाशी ठेवून दिले आणि लागले तर घालू म्हटले, तर पाण्यात पडल्यावर ते अंगात चढवणे फार कठीण जाते. नित्य उपासना अशीच आहे. संकटाच्या दिवशी सुरू केलेल्या जपालाही मोल आहे, पण अंगवळणी पडलेला जपच त्या दिवशी सावरून धरतो.

तिसरी आणि माझ्यासाठी सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे टोकणारा माणूस. संकल्प माझाही होता, पण तो पाळला भाच्याने. वयाने लहान असलेल्याने आपल्याला आठवण करून द्यावी आणि आपण ऐकावे, याला मोठे मन लागते. माझ्याजवळ ते त्या दिवशी नव्हते. घरी परतताना गाडीत मी त्याला म्हणालो, "आज तू बरोबर होतास." तो हसला आणि म्हणाला, "मामा, मलाही जायचं होतं तिकडे. फक्त घड्याळ माझ्याकडे होतं." त्यालाही मोह होता, हे मला तेव्हा समजले.

या आठवड्याचा अभ्यास

१. आपल्या जीवनातील एकच प्रसंग निवडा जिथे आपण वारंवार ठरलेल्या ठिकाणी थांबत नाही.

२. मन शांत असताना, शक्यतो सकाळच्या उपासनेनंतर, त्याची मर्यादा वहीत लिहा. "कमी करीन" असे लिहू नका. वेळ, रक्कम किंवा संख्या लिहा.

३. घरातील एका व्यक्तीला ती सांगा आणि टोकण्याचा अधिकार द्या. ती व्यक्ती वयाने लहान असली तर अधिक चांगले.

४. रात्री एका ओळीत नोंद करा की मर्यादा आली तेव्हा मनाने कोणते कारण पुढे केले. सात दिवसांनी ही कारणे एकत्र वाचा. बहुधा एकच कारण वेगवेगळ्या वेषात दिसेल.

मंडळात चर्चेसाठी प्रश्न

आपल्याला कोणते इंद्रिय सर्वांत सहज ओढून नेते? आपल्याला टोकणारा माणूस घरात आहे का, आणि त्याच्याशी आपण कसे वागतो? आपण कोणती कठीण वाट थकल्यावर करायची म्हणून मागे ठेवली आहे?

शेवटी, आपल्यापैकी जे सुट्टीत मुलांना घेऊन जलाशयावर जातील त्यांच्यासाठी व्यवहाराची सूचना. जॅकेटचे पट्टे स्वतः तपासा. होडी उलटलीच तर तिला धरून राहा, किनाऱ्याकडे पोहत सुटू नका. गडगडाट ऐकू आला की लगेच पाण्याबाहेर या आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पुन्हा उतरू नका. आणि निघण्यापूर्वी परतीची वेळ ठरवून घड्याळ एखाद्या लहानाच्या हातात द्या.