३.४ स्पर्शाला मेंदूचा प्रतिसाद : कालांतर आणि अपेक्षा

त्वचेपासून मेंदूच्या बाह्यकातील स्पर्शक्षेत्रापर्यंतचा संवेदनेचा मार्ग आपण मागील उपघटकात अभ्यासला. त्यावरून स्पर्श तोच असेल तर मेंदूचा प्रतिसादही तोच असेल, असे वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात तो स्पर्श आधीच्या स्पर्शानंतर किती वेळाने झाला आणि तो कितपत अपेक्षित होता, यांवरही प्रतिसाद अवलंबून असतो.

कालांतर : मनगटाजवळील मज्जातंतूला सौम्य विद्युत उद्दीपक दिल्यास बाह्यकातील पहिला प्रतिसाद सुमारे २० मिलिसेकंदांत ईईजीवर नोंदवता येतो. उद्दीपक फार कमी अंतराने दिल्यास त्यापुढील प्रतिसादलहरी क्षीण होतात. अंतर वाढविल्यास त्या पुन्हा मोठ्या होतात.

अपेक्षा : सॅम्युएल सटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली दाखवून दिले की, अनिश्चित उद्दीपकानंतर सुमारे ३०० मिलिसेकंदांनी एक ठळक धन लहर उमटते. त्यांचे प्रयोग ध्वनी व प्रकाश यांवर होते. पुढे स्पर्शाबाबतही ती आढळली. समजा, १०० स्पर्शांपैकी ८० तर्जनीला व २० करंगळीला केले आणि करंगळीचे स्पर्श मोजण्यास सांगितले, तर करंगळीच्या स्पर्शानंतर ही लहर मोठी दिसते.

व्यवहारातील उदाहरण घेऊ. नाशिक रोड येथील करन्सी नोट प्रेसमध्ये चलनी नोटा छापल्या जातात. दृष्टिहीन व्यक्तींच्या सोयीसाठी १०० रुपयांच्या नोटेवर त्रिकोणाची, तर ५०० रुपयांच्या नोटेवर वर्तुळाची उठावदार खूण असते. १०० रुपयांच्या नोटांची थप्पी चाचपताना मध्येच वर्तुळ बोटाला लागले, तर मेंदूचा प्रतिसाद वाढेल, असे वरील निष्कर्षांवरून म्हणता येते. थप्पीतील निम्म्या नोटा ५०० रुपयांच्या असत्या, तर तेच वर्तुळ इतके उठून जाणवले नसते.

एक पेच : क्वचित येणारा उद्दीपक साहजिकच अधिक कालांतराने येतो. मग करंगळीला मिळालेला मोठा प्रतिसाद अनपेक्षिततेमुळे की मधल्या विश्रांतीमुळे? हे ठरविल्याशिवाय काढलेला निष्कर्ष दिशाभूल करू शकतो. म्हणून संशोधक नियंत्रित स्थिती योजतात. त्यात पाचही बोटांना प्रत्येकी २० स्पर्श यादृच्छिक क्रमाने दिले जातात. करंगळीचे स्पर्श तेवढेच आणि सरासरी तेवढ्याच अंतराने येतात. मात्र आता मोडण्यासारखा कोणताही नियम नसतो. दोन्ही स्थितींत करंगळीचा प्रतिसाद सारखाच राहिला, तर कालांतराचे स्पष्टीकरण पुरेसे ठरते. पहिल्या स्थितीत तो मोठा राहिला, तर तेवढा फरक अपेक्षाभंगाचा मानता येतो.

यावरून लक्षात येईल की, मेंदू स्पर्शाची केवळ नोंद घेत नाही. आधीच्या अनुभवाच्या आधारे तो पुढील स्पर्शाचा अंदाज बांधत असतो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. क्वचित येणाऱ्या स्पर्शाला मोठा प्रतिसाद मिळण्याची दोन संभाव्य कारणे स्पष्ट करा.

२. नोटांच्या उदाहरणात ही दोन कारणे वेगळी करण्यासाठी थप्पीची रचना कशी कराल?