चिलापीची वीण व शेततळे

भोर-वेल्हे भागात भाटघर अगर पानशेत जलाशयाजवळ ज्यांची शेततळी आहेत, त्यांनी चिलापीची वीण समजून घेणे अगत्याचे आहे. मूळची आफ्रिकेतील ही मासळी १९५२ साली भारतात आणली गेली.

नर तळाच्या गाळात बशीसारखा खळगा उकरतो. मादी त्यात अंडी घालून लगेच ती तोंडात घेते. पिले तोंडातच निघतात. या काळात ती जवळजवळ उपाशीच असते! पुढे पिलांचा घोळका तिच्याभोवती हिंडतो व धोक्याची चाहूल लागताच पुन्हा तिच्या मुखात शिरतो. तेव्हा अशी एक मादी तळ्यात आली, तरी सारे कुटुंबच आले म्हणावयाचे.

अंडी थोडी असली तरी या राखणीमुळे पुष्कळ पिले जगतात, आणि दोन-तीन महिन्यांची मासळी स्वतः विऊ लागते. मग दाटी होऊन अन्न अपुरे पडते. चिलापी बोटाएवढीच राहते व सोबतचे रोहू-कटलाही खुरटतात.

म्हणून जलाशयात धरलेले मिश्र बीज तळ्यात सोडू नये. पाणी घेताना नळाच्या तोंडाशी बारीक जाळी बांधावी. चिलापी शिरलीच असल्यास मातीचे तळे उन्हाळ्यात भेगा पडेपर्यंत वाळवावे. ते अशक्य असल्यास मीटरभर खोल पाण्यास हेक्टरी २,५०० किलो मोहाची पेंड टाकून, नवे बीज सोडण्यापूर्वी तीन आठवडे थांबावे.