काळ्या फळ्यापासून पडद्यापर्यंत : आकडे दाखवणारे साधन कसे पारखावे?



गळीत हंगाम सुरू झाला की कचेरीबाहेरच्या काळ्या फळ्यावर रोज सकाळी खडूने आकडे लिहायची साखर कारखान्यांतली जुनी रीत आहे. आजचे गाळप, आजअखेर गाळप, साखर पोती, उतारा. काट्यावर नंबर लावून आलेला सभासद चहा घेता घेता तो फळा वाचतो आणि "उतारा सरकला का रे?" असं शेजारच्याला विचारतो. संगणकवाले आज ज्याला डॅशबोर्ड म्हणतात तो म्हणजे हाच फळा. फक्त तो आपोआप भरतो, रंगीत असतो आणि मोबाईलवरही दिसतो. ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डवर डिझेलचा काटा असतो, तसाच येथे गाळपाचा काटा.

असा फळा तयार करणारी साधने बाजारात पुष्कळ आहेत. त्यांतले कोणते घ्यावे, हा प्रश्न संचालक मंडळाच्या टेबलावर आज ना उद्या येणारच. पैसा सभासदांचा असल्यामुळे सभासदालाही त्यातले थोडेफार कळले पाहिजे.

साधनाआधी आकडा पाहू. समजा, दोनच गटांचा एक कारखाना आहे. पहिल्या गटाचा ऊस 1,000 टन, उतारा 11 टक्के. दुसऱ्या गटाचा 4,000 टन, उतारा 9.5 टक्के. संगणकाला नुसते "सरासरी काढ" म्हटले तर तो दोन उतारे मिळवून दोनने भागतो आणि 10.25 दाखवतो. पण साखर झाली किती? पहिल्या गटाची 110 टन, दुसऱ्याची 380 टन, मिळून 490 टन. 5,000 टन उसाला 490 टन साखर म्हणजे उतारा झाला 9.8 टक्के.

"पाऊण-अर्ध्या टक्क्यानं काय होतंय?" असे कोणी म्हणेल. 2025-26 हंगामासाठी केंद्र सरकारने ठरवलेला रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलला 355 रुपये आहे. त्याखाली दर 0.1 टक्क्याला 3.46 रुपये कमी होतात. 9.5 टक्के किंवा त्याहून कमी उतारा आला तरी दर 329.05 रुपयांच्या खाली जात नाही. या हिशेबाने 10.25 ला टनाला 3,550 रुपये, तर 9.8 ला सुमारे 3,394 रुपये. टनामागे 155 रुपये 70 पैशांचा फरक, आणि 5,000 टनांवर 7 लाख 78 हजार 500 रुपयांचा. (तोडणी-वाहतूक यात धरलेली नाही.) पडद्यावर 10.25 पाहून घरी गेलेला सभासद बिल हातात पडल्यावर कारखान्याला चोर म्हणेल. चोरी कोणीच केलेली नसेल, सरासरी चुकलेली असेल.

उताऱ्यात आणखी एक मेख आहे. बी हेवी मोलॅसिस किंवा रस इथेनॉलकडे वळवला की पोत्यांत उतरणारी साखर कमी होते. एफआरपीसाठी ती घट हिशेबात परत धरावी लागते. तेव्हा पडद्यावरचा "उतारा" पोत्यांचा की घट धरून काढलेला, हे त्याच्याखाली मराठीत लिहिलेले असावे. लिहिलेले नसेल तर तो आकडा कितीही मोठ्या अक्षरांत असला तरी त्याचा उपयोग नाही.

दुसरी अडचण नावांची. वसमत, बसमत, वसमतनगर ही आपल्याला एकच जागा. संगणकाला त्या तीन. गट कचेरीत एकाने "औंढा" आणि दुसऱ्याने "औंढा नागनाथ" लिहिले की यंत्र दोन गावे मोजते. कितीही महागडे साधन घेतले तरी हा घोळ ते आपण होऊन निस्तरत नाही. गावांना आणि सभासदांना कायमचे क्रमांक देऊन काटा, शेतकी विभाग व लेखा विभाग या तिघांनी तेच वापरायचे, हे काम आधीचे. त्याला परवाना लागत नाही, चिकाटी लागते.

आता साधनांकडे वळू. मायक्रोसॉफ्टचे पॉवर बीआय 2015 पासून बाजारात आहे. एक्सेलवर हात बसलेल्या कारकुनाला ते लवकर जमते. अहवाल बनवायचा प्रोग्रॅम फुकट मिळतो. पण दुसऱ्याला दाखवायचे म्हटले की साधारणपणे बनवणारा आणि बघणारा, दोघांचीही माणशी वर्गणी भरावी लागते. संचालक आणि खातेप्रमुख मिळून पंचवीस-तीस माणसांना हे परवडेल. हजारो सभासदांना माणशी वर्गणी कोण भरणार? यावर "वेबवर प्रसिद्ध करा" अशी फुकटची वाट त्यात आहे खरी, पण त्या वाटेने गेलेला अहवाल जगात कोणीही पाहू शकतो. एकूण गाळप तसे दाखवायला हरकत नाही. सभासदांची नावे, टनेज आणि बिले मात्र त्या वाटेने मुळीच जाऊ देऊ नयेत.

टॅब्लो हे चित्रे काढण्यात वाकबगार आहे. ते 2019 मध्ये सेल्सफोर्स कंपनीने घेतले. तेथेही माणशी वर्गणी आहे आणि आपल्या कामाच्या मानाने ते भारी पडते, असे माझे मत. गुगलचे साधन 2016 साली डेटा स्टुडिओ या नावाने आले व 2022 मध्ये लुकर स्टुडिओ झाले. गुगल शीटमधल्या आकड्यांवर ते फुकट चालते, म्हणून सुरुवातीला बरे. पण फुकट वस्तूच्या अटी मालक केव्हाही बदलू शकतो. मेटाबेस आणि सुपरसेट ही मुक्त साधने आपल्याच सर्व्हरवर बसवता येतात. बघणाऱ्यांच्या संख्येवर पैसे नाहीत. पण तो सर्व्हर सांभाळणारा जाणता माणूस कारखान्यात हवा. तो हंगामाच्या मध्यात नोकरी सोडून गेला तर फळा कोरा.

प्रस्तुत लेखकाने एका कचेरीत भिंतीवर मोठा पडदा पाहिला होता. आकडे झकास दिसत होते, तारीख मात्र अकरा दिवसांपूर्वीची होती. कोणाच्याच लक्षात आले नव्हते!

सभासदाला खरे हवे काय? मला वाटते उताऱ्याच्या गोल काट्यापेक्षा त्याला दोन तक्ते जास्त कामाचे आहेत. एक, लागणीच्या तारखेप्रमाणे तोडीचा क्रम : कुरुंद्याचा ऊस मागे आणि नंतर लावलेला पुढे, असे झाले का, ते उघड दिसावे. दुसरा, तोड ते काटा किती तास लागले. तोडलेला ऊस 24 तासांच्या आत गाळला जावा, असे शेतकी विभाग सांगत असतो. पुढे वजनही घटते आणि उताराही. येथेही सरासरीला भुलू नये. दहा खेपा 12 तासांत आल्या आणि दोन 60 तासांनी, तर सरासरी येते 20 तास. पडदा हिरवा दिसेल. ज्या दोघांचा ऊस वाळला त्यांना विचारा! म्हणून "24 तासांवर गेलेल्या खेपा किती व कोणत्या गटाच्या" असा तक्ता मागावा. तो वरच्या सगळ्या साधनांत होतो, साध्या एक्सेलमध्येसुद्धा होतो.

विक्रेते आले म्हणजे त्यांच्या नमुन्याच्या आकड्यांवर प्रयोग करू देऊ नये. मागच्या हंगामातल्या कोणत्याही एका दिवसाचे काटा रजिस्टर आणि प्रयोगशाळेची वही त्यांच्या हाती द्यावी, अर्थात सभासदांची नावे झाकून आणि क्रमांक ठेवून. पडद्यावरची बेरीज रजिस्टरशी जुळते का, ते लेखा विभागाने पाहावे. त्या दिवशी ज्यांच्या खेपा आल्या होत्या अशा चार-पाच सभासदांनीही आपापल्या वजनपावत्या घेऊन यावे, आणि पडद्यावर बोट ठेवून आपली खेप शोधून दाखवायला सांगावे.