तंबाखू सोडायचं कारण वयाला विचारावं

सूनबाई, तू आशाताई म्हणून घरोघर फिरतेस. तंबाखूचं सांगितलं की लोक तोंडावर ‘हो ताई’ म्हणतात आणि तुझी पाठ फिरली की चुन्याची डबी उघडतात, असं तू परवा म्हणालीस. त्यावर माझ्याजवळ आहे ते सांगतो.

शाहू महाराजांनी 1917 साली आपल्या वडिलांच्या, जयसिंगराव घाटग्यांच्या नावानं हे जयसिंगपूर वसवलं. पुढं पेठ वाढली, तंबाखूचा व्यापार वाढला, आणि मी तंबाखूच्या वखारीत दिवाणजी म्हणून उमेदीची वर्षं काढली. या पिकावर कितीक घरं उभी राहिली, त्या कष्टांना मी नावं ठेवणार नाही. पण हमाल, व्यापारी, निवडायला बसणाऱ्या बायका, सगळ्यांची तलफ मी जवळून पाहिली. कुणी सोडली आणि कशापायी सोडली, तेही पाहिलं. म्हणून ठाम सांगतो, सगळ्या घरांत एकच भाषण करू नकोस. कॅन्सर होतो हे कुणाला माहीत नाही? पुडीवर चित्रच असतं. माणूस तंबाखू सोडतो ती त्या वयात त्याला जे हवंसं असतं त्याच्यासाठी. ते काय आहे, हे आधी काढून घे.

सोळा-अठराच्या पोराला मरणाचं सांगू नकोस, त्याला ते पटतच नाही. त्याला भरती हवी असते. पोलीस भरतीला 1600 मीटर पळायचं असतं. सिगारेटनं दम तुटतो आणि निकोटिननं छातीची धडधड उगाच वाढते, हे त्याला लगेच कळतं. मावा खाणारा असेल तर स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांग. गेली नाहीत तर त्यातल्या सुपारीनं तोंड आवळायला लागलंय असं समज आणि दाताच्या डॉक्टरकडं धाड. गुटखा राज्यात 2012 पासून बंद आहे, पण मावा टपरीवर घोटून मिळतोच. आणि पैशाचा हिशेब त्याच्याकडूनच करून घे: रोजचे वीस रुपये म्हणजे वर्षाला 7,300. पळायचे चांगले बूट त्यातच येतात.

मिश्रीच्या बाबतीत तुला सगळ्यात जास्त नेट लावावा लागेल, कारण तिला कुणी व्यसनच मानत नाही. तव्यावर तंबाखू भाजून काळी पूड करायची, सकाळी दाताला लावायची, मग दुपारी, मग निजताना. तीच बाई देवाशपथ सांगेल की मी तंबाखू खात नाही, आणि ती खोटंही बोलत नसते. म्हणून ‘तंबाखू खाता का’ असं विचारू नकोस; ‘मिश्री दिवसातून किती वेळा लावता’ असं विचार. पोटुशी असेल तर बाळाच्या वजनाचं बोल. मुंबईत बाराशेच्या वर गरोदर बायकांची पाहणी झाली होती, ती 2004 साली प्रसिद्ध झाली. मिश्री-तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी 105 ग्रॅमनं हलकी भरली, आणि दिवस भरायच्या आत बाळंत होण्याचा धोकाही वाढलेला दिसला. तू स्वतः काटा घेऊन बाळं तोलतेस, तुझ्या तोंडून हे खरं वाटेल. अंगावरच्या दुधातूनही निकोटिन बाळाच्या पोटात जातं, हेही सांग.

पण सुनेला एकटीला गाठून भागत नाही. तवा सासूच्या हातात असतो. दोघींना एकत्र बसव, आणि मिश्री कशासाठी लावता हे शांतपणे ऐकून घे. एक म्हणेल दाढ ठणकते, दुसरी म्हणेल त्याशिवाय पोट साफ होत नाही. दाढ डॉक्टरला दाखव. पोटासाठी सकाळी कोमट पाणी, पालेभाजी, थोडं चालणं. दुखण्याची सोय न लावता नुसती डबी काढून घेतलीस तर ती उद्या शेजारणीकडून मागून आणेल.

चाळिशीच्या माणसाला संसार दिसत असतो: सोसायटीचं कर्ज, पोरीचं कॉलेज, उसाचं बिल. त्याच्याशी वर्षांच्या भाषेत बोल. इंग्लंडमध्ये डॉक्टर मंडळींवरच 1951 पासून पन्नास वर्षं नजर ठेवली गेली. सिगारेट तिशीला सोडणाऱ्यांचं आयुष्य ओढत राहणाऱ्यांपेक्षा सुमारे दहा वर्षांनी वाढलं, चाळिशीला सोडणाऱ्यांचं नऊ, पन्नाशीला सहा आणि साठीला तीन वर्षांनी. हे आकडे सिगारेटचे आहेत, चुना-तंबाखूला जसेच्या तसे लावू नकोस. पण जितक्या लवकर सोडावं तितकं पदरात जास्त पडतं, ही गोष्ट दोन्हीकडं खरी. आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे माजी गृहमंत्री आर. आर. आबा पाटील 16 फेब्रुवारी 2015 ला तोंडाच्या कॅन्सरनं गेले. वय अवघं 57. इकडच्या माणसाला त्यांचं नाव घेतलं की आजही गलबलतं. ते नाव आदरानं घे आणि थोडा वेळ गप्प बस.

साठीपुढचा म्हणेल, ‘आता सोडून काय करायचंय?’ सिगारेट ओढणारा असेल तर त्याला वरची तीन वर्षं सांग. पण मी पाहिलंय, तो नातवंडासाठी सोडतो. नातू आज्याची पुडी आणायला दुकानात जातो, हौसेनं चुना मळून देतो. अठराच्या आतल्या पोराला तंबाखू विकायला कायद्यानं बंदी आहे, पण घरच्यांनीच धाडलं तर कायदा काय करणार? ‘नातवाच्या हातून पुडी मागवणार नाही’ एवढंच आधी कबूल करून घे. बाकीचं बरंचसं त्यातून सुटतं.

आता सोडायचं कसं. तारीख ठरवायची, जत्रा, लगीनसराई, उसाची तोड टाळून. पहिले तीन-चार दिवस फार जड जातात. चिडचिड होते, झोप उडते. घरच्यांना तसं आधीच सांगून ठेव, म्हणजे भांडण होत नाही. तलफ काही मिनिटांत ओसरते. तेवढ्यात पाणी प्यावं, बडीशेप किंवा लवंग तोंडात टाकावी. सुपारी नको, आणि तंबाखूच्या जागी विडी तर नकोच. चहानंतर हात खिशात जात असेल तर काही दिवस चहाची टपरी बदलावी. निकोटिनच्या गोळ्या चघळायच्या असतील तर हळू चघळून गालाशी धरून ठेवायच्या असतात; हृदयाचा त्रास असेल किंवा बाई गरोदर असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही. पुडीवरच 1800-11-2356 हा सरकारी नंबर छापलेला असतो, फोन फुकट आहे. पहिला फोन तुझ्यासमोर लावून दे.

मध्येच एखाद्या लग्नात कुणी पुन्हा बार भरला तर रागावू नकोस. पहिलं कारण पुरं पडलं नाही एवढंच झालं, नवं शोध. भरती झालेल्या पोराचं लग्न ठरलं की त्याचं कारणही बदलतं.

आणि कुणाच्या तोंडात पांढरा-लाल चट्टा दिसला, किंवा घाव पंधरा दिवसांत भरला नाही, तर त्याला समजावत बसू नकोस. त्याच दिवशी डॉक्टरकडं ने.